चांदमारीचा सभासद

बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, बसवकल्याण तालुक्यात कोहिनूर या नावाचे एक गाव आहे. नाव जगप्रसिद्ध हिऱ्याचे. गाव मात्र तुरीच्या आणि ज्वारीच्या शेतांमध्ये वसलेले. कानडी, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा तिकडच्या एकाच बाजारात ऐकू येतात. त्या बाजूच्या एका परिचित शेतकरी गृहस्थांनी मागे मला एक प्रश्न विचारला. त्यांची मुलगी कॉलेजात एन.सी.सी.मध्ये आहे. शिबिरात तिच्या हाती प्रथमच .२२ ची रायफल आली. तिने पाच गोळ्या झाडल्या आणि पाचही गोळ्या वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत बसल्या. तेव्हापासून नेमबाजीच्या एखाद्या क्लबचे सभासद व्हावयाचे, असा तिचा ध्यास आहे. वडिलांचा प्रश्न व्यावहारिक होता. क्लब निवडावा तो कसा? वर्गणी पाहून, अंतर पाहून, की नाव पाहून?

परंतु बोलता बोलता खरी अडचण बाहेर आली. त्यांच्या मातोश्री आता सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी एकच वाक्य उच्चारले होते. "आपल्या घरात बंदुकीचं नाव काढायचं नाही."

नातीचा हट्ट आणि आजीचा नकार यांच्यामध्ये हा प्रश्न उभा आहे. आजीचा नकार ही केवळ म्हातारपणाची भीती आहे असे समजून तो बाजूस सारता येईल. मला ते योग्य वाटत नाही. त्या मुलखाने बंदूक आणि बंदुकीची दारू यांची जी ओळख करून घेतली आहे, ती फार जुनी आहे आणि फारशी सुखाची नाही.

बिदरचा किल्ला आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. १६५७ च्या मार्च महिन्यात दख्खनचा सुभेदार औरंगजेब या किल्ल्यासमोर येऊन बसला. किल्लेदार होता सिद्दी मर्जान, आदिलशाहीचा जुना सेवक. त्याने किल्ला नेटाने लढविला. शेवटी घात झाला तो घरच्याच दारूने. मोगलांनी फेकलेला एक अग्निबाण बुरुजामागे साठविलेल्या दारूच्या कोठारावर पडला. स्फोटात सिद्दी मर्जान आपल्या मुलांसह होरपळला, त्या जखमांनीच पुढे त्याचा अंत झाला, आणि सत्तावीस दिवसांच्या वेढ्यानंतर किल्ला पडला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात कल्याणीचा किल्लाही, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा किल्लाही, मोगलांच्या हाती गेला.

दुसरी हकीकत तर याहून बोलकी आहे. बहामनी राज्याचा वजीर महमूद गावान याने १४७२ मध्ये बिदर येथे एक भव्य मदरसा बांधला. तीन मजली इमारत, रंगीत कौलांचे नक्षीकाम, दर्शनी बाजूस दोन उंच मिनार, आणि आत हजारो ग्रंथांचा संग्रह. पुढे मोगल अमलात या विद्यामंदिरात शिपायांची वस्ती झाली आणि खोल्यांतून दारूगोळा साठविण्यात आला. सतराव्या शतकाच्या अखेरीस एके दिवशी तो साठा पेटला. दर्शनी भागाचा मोठा हिस्सा उडाला. दोन मिनारांपैकी एकच आज उभा आहे. वीज पडली म्हणून हे घडले, असेही सांगतात. वीज कोठे पडावी हे कोणाच्या हाती नसते. दारू कोठे ठेवावी हे मात्र माणसाच्या हाती असते.

हा झाला दूरचा इतिहास. आजीच्या मनात आहे तो जवळचा, १९४८ चा. त्या वेळी त्या दहा-अकरा वर्षांच्या असतील. हैदराबाद संस्थानात रझाकारांचा धुमाकूळ चालला होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात याच परिसरातील गोरटा गावी झालेल्या हत्याकांडात दोनशेहून अधिक माणसे मारली गेली असे सांगतात. सप्टेंबरात पोलिस कारवाई झाली, अवघ्या पाच दिवसांत निजामाची राजवट संपली, आणि मग सूडाची उलटी लाट आली. पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली भारत सरकारने पाठविलेल्या मंडळाने सर्वाधिक हानी झालेले म्हणून जे चार जिल्हे नोंदविले, ते होते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या वेळी मरणारे बहुतांशी मुसलमान होते. आधी ज्यांच्याकडे शस्त्र होते ते नंतर निःशस्त्र झाले, आणि आधी जे निःशस्त्र होते त्यांच्या बाजूस शस्त्र आले. दोन्ही वेळी गावच्या वेशीवर प्रेते पडली. एखाद्या म्हातारीने यातून 'घरात बंदूक नको' एवढाच निष्कर्ष काढला असेल, तर तिच्या तर्कशास्त्रात दोष काढण्यास मी तरी धजणार नाही.

मग नेमबाजीचा क्लब ही वस्तू मुळात आली कोठून?

तिचे मूळ इंग्लंडात आहे आणि तेही भीतीतच आहे. तिसरा नेपोलियन समुद्र ओलांडून स्वारी करणार, अशी हूल तेथे १८५९ च्या सुमारास उठली. नागरिकांची स्वयंसेवक पथके उभी राहिली. या मंडळींना नेम धरावयास शिकविले पाहिजे, म्हणून नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. १८६० च्या जुलै महिन्यात विंबल्डनच्या मैदानावर तिची पहिली स्पर्धा भरली आणि पहिली गोळी झाडली ती व्हिक्टोरिया राणीने. रायफल एका चौकटीत आधीच नेम धरून पक्की बसविलेली होती. राणीसाहेबांनी फक्त दोरी ओढली. गोळी अर्थातच निशाणाच्या मध्याजवळ लागली. (थोरामोठ्यांच्या हस्ते होणाऱ्या उद्घाटनांची रीत तेव्हापासून फारशी बदललेली दिसत नाही.) अमेरिकेत याच नावाची संस्था १८७१ मध्ये निघाली, यादवी युद्धात शिपायांचा नेम किती कच्चा होता, हे पाहून तेथील सेनाधिकारी खजील झाले होते. दोन्ही ठिकाणी कल्पना एकच. नागरिकावर सरकारचा विश्वास आहे. तेव्हा त्याने शस्त्र शिकावे, मात्र दहाजणांच्या देखत आणि नियमाने शिकावे.

आपल्याकडे याच सुमारास नेमके उलट घडत होते. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घातले आणि दुसऱ्याने हिंदी माणसाच्या हातातील शस्त्र काढून घेतले. वृत्तपत्रांवरील कायदा चार वर्षांत रद्द झाला. हत्यारांचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षे कायद्यांच्या पुस्तकात राहिला. परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा हिंदी माणसास गुन्हा, युरोपियनास माफी. १८८५ साली रशियाच्या स्वारीची आवई उठली तेव्हा मुंबई, मद्रास, कलकत्ता येथील सुशिक्षित हिंदी तरुणांनी स्वयंसेवक पथकांत आम्हांसही घ्या असे अर्ज केले. ते नाकारण्यात आले. काँग्रेसने आपल्या अगदी आरंभीच्या अधिवेशनांत स्वयंसेवक भरतीचा आणि हत्यारांच्या कायद्याचा प्रश्न हाती घेतला, तो या अपमानापोटी. १९२० च्या नव्या नियमांनी वर्णभेद कागदावरून काढला. परवाना देणारा हात मात्र तोच राहिला.

छावणीच्या गावांत त्या काळी गावाबाहेर एक माळ असे. टोकाला मातीचा उंच बांध, त्यापुढे लाकडी चौकटीवर लावलेले निशाण. तोफखान्याचे आणि पलटणीचे गोरे शिपाई तेथे सरावास येत. लोक त्या जागेस 'चांदमारी' म्हणत. चांद म्हणजे निशाणावरील गोल. गावची पोरे सराव संपल्यावर बांधातील शिसे वेचून विकावयास जात. आपल्या लोकांचा चांदमारीशी संबंध तो एवढाच. नेम धरणारे वेगळे, शिसे वेचणारे वेगळे. सभासद हा शब्द त्या माळावर आपल्यासाठी नव्हता.

म्हणूनच १९५१ साली जे घडले ते मला फार अर्थपूर्ण वाटते. त्या वर्षी नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि तिचे संस्थापक व पहिले अध्यक्ष झाले गणेश वासुदेव मावळंकर. दादासाहेब मावळंकर म्हणजे पुढे पहिल्या लोकसभेचे सभापती. बडोद्यात जन्मलेले, अहमदाबादेत वकिली केलेले, मूळच्या कोकणातील मराठी कुटुंबातील गृहस्थ. गांधीजींच्या चळवळीत ते कारावास भोगून आले होते. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात असताना तेथील गुन्हेगार कैद्यांशी त्यांचा निकट संबंध आला आणि त्या माणसांच्या खऱ्या कथा त्यांनी गुजरातीत 'मानवतानां झरणां' या पुस्तकात लिहिल्या.

ज्याने खुनी माणसाजवळ बसून त्याची कहाणी ऐकली, असा अहिंसेच्या मार्गाने आलेला मनुष्य देशातील नेमबाजांच्या संघटनेचा पहिला अध्यक्ष होतो, याचे कित्येकांना नवल वाटते. मला वाटत नाही. हातात हत्यार आले की माणसाचे काय होते, हे ज्याने तुरुंगात पाहिले आहे, त्यालाच हत्याराभोवती घालावयाच्या शिस्तीचे मोल अधिक कळणार. शिवाय सभागृहात एका वेळी एकानेच बोलावे, सभापती उभे राहिले की बाकीच्यांनी बसावे, हे शिकविण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. चांदमारीवरही तोच प्रकार आहे. 'थांबा' असा हुकूम झाला की बोट चापावरून निघालेच पाहिजे, मग शेवटची गोळी कितीही मोलाची असो. १९५६ च्या फेब्रुवारीत दादासाहेब निवर्तले. आज राष्ट्रीय स्पर्धेच्या पायरीवर पोहोचू पाहणाऱ्या हजारो मुलामुलींना ज्या स्पर्धेतून जावे लागते, तिला मावळंकर स्पर्धा असेच म्हणतात. मात्र हे मावळंकर कोण, असे त्या मुलांना विचारले तर किती जण सांगू शकतील, याची मला शंका आहे.

त्याच वर्षी, १९५६ च्या नोव्हेंबरात, हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे आले. बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्याकडे गेले. एकाच जिल्ह्यातील सोयरे दोन राज्यांत वाटले गेले. ही गोष्ट येथे विनाकारण सांगत नाही. मुलीच्या सभासदत्वाशी तिचा संबंध कसा येतो ते पुढे कळेल.

१८७८ च्या जागी नवा कायदा आला तो १९५९ चा. १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. या कायद्यात सामान्य माणसाच्या नजरेस सहसा न येणारी एक तरतूद आहे. सरकारने मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा किंवा असोसिएशनचा सभासद निशाणावरील सरावासाठी .२२ ची रायफल किंवा हवाई रायफल मागत असेल, तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने तो द्यावा, असे तीत म्हटले आहे. अधिकाऱ्याची चौकशी, अर्जदाराचे वय, त्याचे वर्तन या बाबी आहेतच. परंतु पूर्वी परवाना ही मेहरबानी होती, तेथे आता सभासदत्व हे एक कारण झाले, आणि कायद्याने ते नाव घेऊन मान्य केले. लिटनसाहेबांच्या कायद्यानंतर या जागी पोहोचावयास ऐंशी वर्षांहून अधिक काळ लागला.

आता वळूया त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे. मी त्यांना प्रथम जे सांगितले त्याने त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला. बंदूक घरात आणण्याची मुळी आवश्यकताच नाही. नेमबाजीचा आरंभ बहुधा दहा मीटरवरील हवाई रायफलीने किंवा हवाई पिस्तुलाने होतो. तीत दारू नसते. दाबलेली हवा साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा फेकते. .१७७ च्या अशा मर्यादित शक्तीच्या रायफलीस परवानाही लागत नाही. निशाणाच्या मध्यावरील दहा गुणांचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. टाचणीच्या टोकाएवढा म्हणा ना. दहा मीटरवरून तो डोळ्यांस दिसतसुद्धा नाही. दिसतो तो भोवतीचा काळा गोल, आणि त्याच्या मध्यावर मनाने बसावयाचे. मुख्य स्पर्धेत असे साठ वेळा करावयाचे. श्वास, नाडी आणि बोट यांचा हा खेळ आहे. रागाचा एक थेंबही त्यात चालत नाही. .२२ ची गोष्ट पुढची. परवाना एकविसाव्या वर्षापूर्वी मिळत नाही. तोवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करता येतो.

राज्याचा प्रश्न त्यांच्या लक्षात आला नव्हता. सीमाभागातील मराठी कुटुंबाची नजर स्वाभाविकपणे सोलापूर, लातूर, पुणे, कोल्हापूर यांकडे जाते. भाषा आपली, नातलग तिकडे, शिवाय नावलौकिकही तिकडचाच. पुण्याच्या बालेवाडीतील नेमबाजीचे मैदान १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभे राहिले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसळे, तेव्हा मध्य रेल्वेतील तिकीट तपासनीस, यांनी २०२४ च्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेस पॅरिसमध्ये ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले. ही नावे ऐकून त्या मुलीचे डोळे कोल्हापूरकडे लागले, तर नवल नाही. तथापि स्पर्धेत उतरावयाचे ते कोणत्या तरी एका राज्याच्या संघटनेमार्फत, आणि तिचे घर, कॉलेज व पुढे मागावयाचा परवाना हे सारे कर्नाटकात आहे. सुट्टीत पुण्यास जाऊन शिबिर करणे वेगळे. सभासदत्व आणि नोंदणी शक्यतो आपल्याच राज्याच्या संघटनेशी जोडलेल्या क्लबात असावी. १९५६ ची रेघ येथेही आडवी येते, काय करणार!

वर्गणीविषयी त्यांनी दोनदा विचारले. मी म्हणालो, वर्गणीबरोबर छर्रे, निशाणाचे कागद, क्लबची रायफल वापरण्याचे भाडे आणि जाण्यायेण्याचा खर्च यांची बेरीज करा. प्रवेशशुल्क थोडे आणि दर फेरीस हात खिशात, असे प्रकार सर्वत्र असतात. आठवड्यातून दोनदा पोहोचता येईल असा साधा क्लब हा महिन्यातून एकदा पाहता येणाऱ्या झगझगीत क्लबापेक्षा शंभर पटींनी बरा; या खेळात हात विसरतो फार लवकर. रायफल विकत घेण्याची घाई तर मुळीच करू नका. अंजली भागवत यांच्या हाती पहिली रायफल आली तीही एन.सी.सी.तच, पुढे त्यांनी २००० साली सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली.

आणि मग मुख्य गोष्ट. क्लबाची मान्यता कागदावर पाहा, ती नूतनीकृत आहे की नाही ते विचारा. परंतु एका रविवारी कोणासही न कळविता जाऊन नेमबाजांच्या रांगेमागे तासभर उभे राहा. भिंतीवरील पदके पाहू नका. रायफल हातात नसताना ती कशी ठेवतात ते पाहा. नळीतून रंगीत सुरक्षादोरी बाहेर आलेली दिसते का? कोणी निशाणाकडे गेले असता एखादा पोरगा रायफलीस हात लावतो का, आणि लावला तर त्याला कोण हटकतो? प्रशिक्षक ओरडतो तो चुकलेल्या गुणावर, की बाजूस वळलेल्या नळीवर? छर्रे व काडतुसे यांच्या नोंदीची वही असते; ती भरलेली आहे की केवळ ठेवलेली आहे? जेथे या बाबतीत हयगय दिसेल, तेथे वर्गणी माफ केली तरी मुलीस पाठवू नका. बिदरच्या मदरशात दारू ठेवणाऱ्यांनाही त्या दिवसापर्यंत काही झाले नव्हते.

दोन महिन्यांनी त्या गृहस्थांचा दूरध्वनी आला. बापलेकींनी दोन क्लब पाहिले होते. पहिल्यात इमारत उत्तम. पण रायफली टेबलावर पडलेल्या आणि मुले त्यांच्यासमोरून ये-जा करीत होती. ते नाव त्यांनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. दुसरा लहान होता, पत्र्याच्या छपराखालचा, सहा जण एका वेळी उभे राहतील एवढाच. तेथील वयस्क प्रशिक्षकाने मुलीस पहिला महिनाभर छर्राच दिला नाही. रिकामी रायफल धरून उभे राहावयास लावले. मुलगी रडकुंडीस आली, पण गेली.

"आणि मातोश्री?" मी विचारले.

ते म्हणाले, नाही म्हणत होतीच. मग एका संध्याकाळी नातीला जवळ बसवून तिने विचारले, "रात्री ती बंदूक कुठं असते?"

मुलीने सांगितले की क्लबातच असते, लोखंडी कपाटात. कपाटाला दोन कुलपे आहेत, एक किल्ली प्रशिक्षकांकडे आणि दुसरी चिटणिसांकडे. आणि कपाट उघडले की वहीत दोघांच्याही सह्या होतात.

म्हातारीने बराच वेळ काही म्हटले नाही. मग त्या वहीवर तुझी सही कधी होणार, एवढेच तिने विचारले.